बिनआवाजाचा भोंगा

फुलाआत्यानं मेलेली शेळी आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवली आणि आईला म्हणाली, "घे वहिनी, तुझ्या भोंग्याला निवद."

हरणी तिचं नाव. तांबूस रंग, कानावर पांढरा ठिपका, आत्याच्या कळपातली सगळ्यांत आगाऊ शेळी. माझ्या दप्तरातला डबा तिनं कितीदा उघडलाय! आता तिचं पोट टम्म फुगलेलं होतं आणि बरगड्या मात्र कातडीखालून वर आलेल्या. पोटभर पाला खाऊन उपाशी मेलेलं जनावर तुम्ही कधी पाहिलंय का? मी त्या महिन्यात तिसऱ्यांदा पाहत होते.

आई भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. "वन्सं, भोंगा काय मी बसवलाय? आणि आत तुमचा सख्खा भाऊ पाय उशीवर ठेवून पडलाय, त्याचं काय?"

"त्याच्यापायीच गप बसले व्हते इतके दिस! रविवारी ग्रामसभा हाय. भोंगा बंद करा म्हणून पहिला हात माझा वर जानार. सांगून ठेवते."

"आणि मग भावाचा पाय कापला की या बघायला!"

आतून अण्णा ओरडले, "अगं, तो पाय माझा हाय! मला कुनी इचारतंय का?"

दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. आत्या शेळी खांद्यावर टाकून गेली, आईची तव्यावरची भाकरी करपली, आणि आमच्या दोन घरांतलं बोलणं बंद झालं. घरांमध्ये भिंत एकच, त्यामुळे दोघी एकमेकींना ऐकू जाईल अशा बेतानं भांडी मात्र आपटत होत्या.

भोंगा म्हणजे काय ते आधी सांगते. मला हे सांगायला फार आवडतं. ज्यांनी तो बनवला त्या डॉ. हर्षिणी केळुसकर मॅडम म्हणतात, "प्रणोती, आता तू माझ्यापेक्षा सोपं सांगतेस." आणि गेल्या वर्षी नववीत असताना मी हजेरीला "उपस्थित" म्हणतानासुद्धा लाजायचे!

आमची नेपतीवाडी माणदेशात आहे. अण्णांच्या लहानपणी इथं दुष्काळ यायचा आणि जायचा. नंतर तो आला तो राहिलाच. मला कळायला लागलं तोवर कागदोपत्री आमच्या भागाला 'दुष्काळी' म्हणायचं सोडून 'वाळवंटी' म्हणायला लागले होते. ऊस गेला, डाळिंबं गेली. राहिलं ते काटेरी आणि चिवट: हिवर, नेपती, बोर, माळावरची सीताफळं आणि बाभूळ. बाभळींच्या तर रायाच्या राया उभ्या राहिल्या.

बाभळीच्या पानांत आणि सालीत टॅनिन असतं. कच्चं केळं चावलं की तोंड आवळून येतं ना, जीभ खरखरीत होते? ते टॅनिनचं काम. टॅनिन प्रथिनांना घट्ट मिठी मारतं आणि सोडत नाही. तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना मिठी मारली, की जिभेवरचा बुळबुळीतपणा जातो आणि तुरट लागतं. बाभूळ हे स्वतःला वाचवायला बनवते. शेळीनं पाला ओरबाडला की ती घाबरते आणि पानांत टॅनिन वाढवते. एवढंच नाही. इथं माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो! ती पानांमधून इथिलीन नावाचा वायू सोडते. तो वाऱ्याबरोबर शेजारच्या बाभळींपर्यंत जातो आणि त्यांना कुणी चावलेलं नसतानाही त्या टॅनिन वाढवून बसतात. म्हणजे झाडं एकमेकींना ओरडून सांगतात, "अगं बायांनो, शेळ्या आल्या!" फक्त आवाज करत नाहीत.

मॅडमनी ती आरोळी यंत्रात भरली. एका खांबावर पांढरा डबा, आत इथिलीनची टाकी, तोंडाला झडप. झडप उघडली की थोडासा वायू वाऱ्यावर सुटतो आणि औषधासाठी राखलेली अख्खी बाभळींची राई, म्हणजे आमची औषधराई, एकदम घाबरते. या घाबरलेल्या पानांचा लेप बनतो. कुठल्याच औषधाला न जुमानणारे जे जंतू आहेत, ते जखमेत स्वतःभोवती एक चिकट घर बांधून राहतात. टॅनिन त्या घराच्या भिंतींनाच मिठी मारतं. भिंती आखडतात, तडकतात, आणि आत लपलेले जंतू उघड्यावर येतात. साध्या पानांच्या लेपाला हे जमत नाही. पानं घाबरलेलीच लागतात.

आणि असा जंतू अण्णांच्या उजव्या पायात होता. अण्णा पाण्याचा टँकर चालवतात. चाक बदलताना पायाला जखम झाली, त्यात त्यांना शुगर, त्यात तो हट्टी जंतू. तालुक्याच्या डॉक्टरांनी घोट्याच्या वर बोट ठेवून दाखवलं होतं, इथून काढावा लागेल. मग लेप सुरू केला आणि जखम कडेनं भरायला लागली. डॉक्टर म्हणाले, "ही संक्रांत येईपर्यंत लेप चुकू देऊ नका. मध्ये थांबलात तर मी काही करू शकणार नाही."

आता कळलं ना, आमच्या घरात भोंग्याला देव का मानत होते? आणि आत्या त्याला राक्षस का म्हणत होती तेही सांगते. टॅनिन शेळीच्या पोटातल्या प्रथिनांनाही मिठी मारतं. मग पाला नुसता भरून राहतो, अंगी काहीच लागत नाही.

पण मॅडम काही वेड्या नाहीत. औषधराई गावाच्या पूर्वेला, चराईची राई पश्चिमेला. वारा पश्चिमेकडून वाहत असेल तेव्हाच झडप उघडायची, अशी त्यांनी यंत्राला सक्त अट घातली होती. म्हणजे वायू शेळ्यांकडे जायलाच नको. तरीही, ज्या दिवशी भोंगा उघडायचा, नेमकं त्याच दिवशी चरून आलेल्या शेळ्या मलूल व्हायच्या. सगळ्या गावानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मॅडम वाऱ्याचे आलेख दाखवायच्या आणि लोक मेलेली शेळी दाखवायचे. कोण जिंकणार, सांगा!

मी ठरवलं, आलेख नको आणि भांडण पण नको. पानांनाच विचारू.

टॅनिन ओळखायची सोपी युक्ती मॅडमनीच आम्हाला शाळेत शिकवली होती. शाळेजवळच्या चायनीजच्या गाडीवरून वाटीभर व्हिनेगर आणलं, त्यात गंजलेले खिळे भिजत घातले. ते लोखंडाचं पाणी टॅनिनला लागलं की काळीभोर शाई तयार होते. जितकं टॅनिन जास्त, तितका डाग काळा. जुना गणवेशाचा सदरा फाडून पांढऱ्या पट्ट्या केल्या, पाटा-वरवंट्यातला छोटा वरवंटा पिशवीत टाकला आणि बुधवारी शाळा सुटल्यावर सरळ चराईच्या राईत गेले.

आत्या खडकावर बसली होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. "भोंग्याची हेर आली वाटतं."

"हेर नाही, पाहुणी."

"पाहुनीला हितं च्या मिळत न्हाई."

"मला पानं हवीत. राईच्या त्या टोकाची, मधली आणि या टोकाची."

मी एका फांदीला हात घातला आणि लगेच ओरडले. काटा पार बोटात. आत्या उठलीच. "सर बाजूला! वहिनीनं पोरीला निस्ता अभ्यास शिकवला. कुटली पानं पायजेत, बोल."

मग पानं आत्यानं तोडली, खडकावर ती मी ठेचली. हिरवा रस तीन पट्ट्यांवर लावला आणि प्रत्येकीवर लोखंडाच्या पाण्याचा एकेक थेंब टाकला. पूर्वेच्या टोकाची पट्टी राखाडी झाली. मधली गडद झाली. पश्चिमेची? काजळ! आत्यानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"ह्यो जादूटोना हाय का साळा?"

"आत्या, भोंगा कुठल्या बाजूला आहे?"

"तकडं. उगवतीला."

"मग त्या बाजूची पानं जास्त काळी व्हायला हवी होती ना? जो ओरडतो त्याच्या जवळच्याला जास्त ऐकू येतं."

आत्यानं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग मावळतीला कोन वरडतंय?"

आम्ही दोघींनी एकदमच तिकडे मान वळवली. राईच्या पश्चिमेच्या कडेला, बाभळींच्या सावलीत, पत्र्याची एक लांब शेड होती. तिच्या भिंतीत मोठा पंखा घुर्रघुर्र फिरत होता. वारा आमच्याकडेच येत होता, आणि त्या वाऱ्याला सीताफळांचा गोड, दाट वास होता.

ती माझ्या आईच्या बचत गटाची अढी होती.

गवतात फळं रचून ठेवली की ती पिकतात, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक असतं. कशी पिकतात? एक फळ पिकायला लागलं की वायू सोडतं, त्यानं शेजारचं पिकतं, मग त्याच्या शेजारचं. तो वायू म्हणजे इथिलीन! बाभळींची आरोळी आणि फळांचं पिकणं, दोन्ही एकाच वायूचं काम. गटातल्या बायकांनी सगळ्या माळाची सीताफळं त्या शेडमध्ये गवताच्या थरांवर रचली होती. राईतच, कारण औषधराई सोडली तर पंचक्रोशीत सावली फक्त तिथंच होती. आत फार उकडून फळं काळी पडायची, म्हणून पंख्याची कल्पना आईनं काढली होती. तो पंखा दिवसभर आतली हवा थेट बाभळींवर सोडत होता. भोंगा चिमूटभर वायू सोडतो. ही अढी पोत्यानं सोडत होती.

आत्याला मी काहीच सांगितलं नाही. "उद्या सांगते," म्हणाले आणि पळत सुटले.

आईनं ऐकून घेतलं. मग पदर खोचला. तो खोचला की मी एरवी पळून जाते.

"म्हणजे त्यांच्या शेळ्या मी मारल्या?"

"तू नाही गं, अढीनं."

"अढी कुणाची आहे? त्या पंख्याला बघायला तालुक्याहून माणसं आली होती, प्रणोती. पंखा बंद केला तर अख्खी खेप उकडून जाईल. गटातल्या बायांना काय तोंड दाखवू? आणि वन्सं? त्या तर जन्मभर ऐकवतील." तिचा आवाज चढला. "तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस गं? आत्याच्या का माझ्या?"

"अण्णांच्या पायाच्या!" मी ओरडले.

मी आईवर कधीच ओरडले नव्हते. भिंतीपलीकडची भांडीसुद्धा थांबली. खाटेवरून अण्णा हळूच म्हणाले, "चला, पायाला एक तरी मत पडलं."

अण्णांची पट्टी बदलायची वेळ झाली होती. आईनं लेपाची डबी उघडली, बोटानं तो काळपट लेप घेतला आणि जखमेच्या कडेकडेनं लावत राहिली. फार वेळ लावत राहिली.

रविवारी ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एवढी गर्दी तर मतदानालाही नसते. मॅडमनी वाऱ्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तोच मागून तात्या हाके म्हणाले, "बाई, वारा काय तुमच्या पगारावर हाय का? सांगितलं तिकडं जायला?" सगळे हसले. मॅडमचा चेहरा उतरला.

मी उठले. गंमत म्हणजे आवाज अजिबात लटपटत नव्हता. तो माझाच होता यावर माझा विश्वास बसेना. "सरपंचकाका, मला बोलायचंय. आणि मला एक पांढरं कापड हवंय, मोठं. माझ्या पट्ट्या मागच्यांना दिसायच्या नाहीत."

सरपंच बाळासाहेब गोफणे यांनी मोठ्या मनानं खांद्यावरचं कडक इस्त्रीचं उपरणं काढून दिलं. "घे. पण जपून हां, पोरी."

मी ते दोन खुर्च्यांच्या पाठींना ताणून बांधलं. बुधवारी तोडलेली तिन्ही ठिकाणची पानं मी ओल्या फडक्यात जपून ठेवली होती. तिथंच ठेचली, रस लावला, थेंब टाकले. राखाडी. गडद. काळाकुट्ट. सरपंचांच्या तोंडून "आयला" निघून गेलं.

"पानं हिनंच आनली. काय भरवसा?" तात्या हाके.

"पानं म्या तोडलीत!" फुलाआत्या उभीच राहिली. "माझ्या हाताची. कुनाला शंका हाय त्यानं पुढं यावं."

कुणीही पुढे आलं नाही. आत्याच्या पुढे कोण येणार!

मग मी बाभळींची आरोळी सांगितली, फळांचा वायू सांगितला. तात्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी प्रश्न अगदी बरोबर होता: "मग भोंगा उघडतो त्याच दिवशी शेळ्या का लोळत्यात?"

"कारण भोंगा पश्चिमेचा वारा असला तरच उघडतो, तात्या! आणि पश्चिमेचा वारा असला की अढीतला वायू सगळा राईत येतो. भोंगा आणि शेळ्या एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. दोघांना उठवतो तो वारा."

पटांगणात कुजबुज पसरली. अढी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माना हळूहळू बायकांच्या बाजूला वळू लागल्या. मला आईकडे बघवेना.

आणि आई उठली. तिच्या हातात पिशवी होती.

"अढी माझी आहे. पंख्याची अक्कलही माझीच. गुरुवारी सकाळी मी तो बंद केला." ती पुढे आली आणि पिशवीतली पानं माझ्या हातात ठेवली. "ही त्याच टोकाची, आजची. वन्संच्या धाकट्या सुनेच्या समोर तोडलीत. टाक थेंब."

मला हे काहीच माहीत नव्हतं! रस लावला. थेंब टाकला. सगळं गाव खुर्च्यांभोवती गोळा झालं. डाग पसरला, पसरला, आणि राखाडीवरच थांबला.

"पंखा बंद म्हणजे..." फुलाआत्या आईकडे बघत राहिली. "वहिनी, फळं?"

"निम्मी उकडून गेली. टाकून दिली."

"अगं, मग मला हाक मारायची! गार हाय माझी मागची खोली, तितं ठेवली असती!"

"तुम्ही बोलत कुठं होतात?"

"तू तरी कुटं बोलत व्हतीस?"

"थांबा!" मी मध्ये पडले, कारण खरी गोष्ट तर सांगायची राहिलीच होती. ती मला शनिवारी अंघोळ करताना सुचली होती आणि तेव्हापासून पोटात मावत नव्हती. "अढी बंद करायची नाही. हलवायची. औषधराईच्या पश्चिमेच्या कडेला न्यायची आणि पंखा वाऱ्याकडे बघून लावायचा. शेळ्यांपासून ती लांब जाईल आणि तिचा सगळा वायू औषधाच्या बाभळींना मिळेल. सीताफळंच भोंगा वाजवतील!"

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "आणि मी ती टाकी भरून आणायला दर वेळी सांगलीला गाडी धाडते! प्रणोती, सीताफळांनंतर काय?"

"बोरं नाहीतर चिकू, मॅडम. जे पिकेल ते. आणि काहीच नसेल तेव्हा तुमचा भोंगा आहेच."

सरपंचांनी घसा साफ केला. भोंगा चालू ठेवून अढी हलवायची, हात वर करा. पहिला हात फुलाआत्याचा गेला. दुसरा आईचा. मग मला मोजता आलं नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि सगळं पटांगण नुसते हात झालं होतं.

उपरण्यावरचे डाग काही निघाले नाहीत. सरपंचकाका आता ते बाहेरगावच्या पाहुण्यांना उलगडून दाखवतात.

शेड त्याच आठवड्यात हलली. पत्रे गटातल्या बायकांनी वाहिले, गवत आत्याच्या सुनांनी. औषधराईच्या पानांची पहिली चाचणी झाली तेव्हा पट्टी इतकी काळी आली की मॅडमनी ती तीन वेळा पुन्हा करायला लावली. चराईच्या राईतला पाला पुन्हा गोडसर झाला. आत्याच्या शेळ्यांच्या बरगड्या बुजल्या आणि एकीनं जुळी करडं दिली. ती करडं आईच्या चुलीपर्यंत येतात, आणि आई त्यांना हाकलताना शिव्या आत्यालाच ऐकू जातील अशा बेतानं देते. आत्या पलीकडून उत्तर देते. दिवसभर चालू असतं. अण्णा म्हणतात, त्या बोलत नव्हत्या तेव्हा बरं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांची पट्टी सोडली आणि परत बांधलीच नाही. जखमेच्या जागी नवी कातडी आली होती, गुलाबी, मऊ. पायाला कळतंय का ते बघायला डॉक्टरांनी टाचेवर सुईनं टोचलं, अण्णा "ओय!" म्हणून ओरडले, आणि आई दवाखान्यात मोठ्यानं रडली.

पुढच्या सोमवारी शेजारच्या गावच्या ग्रामसभेनं मला बोलावलं होतं. त्यांच्याकडेही बाभळी आहेत, सीताफळं आहेत आणि शेळ्या मरताहेत. मला तिथं कोण नेणार, यावर घरात चर्चा चालू होती, तेव्हा बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. अण्णा चालकाच्या जागेवर बसले होते. मी शेजारी चढले, मांडीवर गंजलेल्या खिळ्यांची बाटली आणि खांद्यावर एक कोरं, पांढरं कापड.

अण्णांनी उजवा पाय उचलला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ॲक्सिलरेटरवर ठेवला. "किती जोरात नेऊ, बाईसाहेब?"

"पाय दुखायला लागेपर्यंत."

"मग आज काय आपन थांबत न्हाई," अण्णा म्हणाले, आणि टँकर वेशीबाहेर असा सुटला की धुरळ्यात गाव दिसेनासं झालं.